निमजे मॅडमचा खांब

मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या गच्चीवर सभा झाली. आठ घरांपैकी सात घरांची माणसं हजर होती. रक्कम होती चार हजार दोनशे रुपये. तेवढ्या पैशांत मधुकर वेल्डर गच्चीवरचा लोखंडी खांब कापून, त्याचे तुकडे करून खाली उतरवून देणार होता. मधुकरही आला होता. कठड्याला टेकून तो खांबाकडे वर पाहत उभा होता. आठवं घर निमजे मॅडमचं, आणि खांबही त्यांचाच. त्यांना निरोप दिला नव्हता. तरी त्या आल्या आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत स्टूल टाकून बसल्या. स्टूल त्यांनी घरून आणलं होतं.

अध्यक्ष गुल्हाने साहेब. त्यांनी सुरुवात केली, "संध्याकाळी सातच्या सुमाराले आपल्या गाड्या उघडत नाहीत. चावी दाबून दाबून अंगठा दुखते. गेटचा रिमोट चालत नाही. अन् त्याच टायमाले वर मॅडमचा रेडिओ चालू राहते."

"कोणी सांगितलं?" मॅडमनी विचारलं.

"सगळेच सांगून राहिले."

"सगळे म्हणजे कोण? अन् त्यायले कोणी सांगितलं?"

मधुकर हसला आणि गुल्हाने साहेबांनी पाहिल्यावर गप्प झाला.

मॅडम उठल्या. "शक करून राहिले न माझ्यावर? करा. मीही करते. पण तपासल्याशिवाय खांब कापाल तर उद्या गाडी उघडली नाही का कोणाचा खांब कापणार? एक आठवडा द्या."

मी संस्थेचा सचिव. आठवडा द्यावा असं मी म्हटलं आणि मधुकर मशीन घेऊन परत गेला.

हिंगण्याच्या एका कारखान्यात मी हिशेब पाहतो. कोणाच्याही शब्दावर बेरीज मान्य न करणं ही माझी नोकरीच आहे. तरी निमजे मॅडमइतका संशयी माणूस मी पाहिलेला नाही. त्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाल्या होत्या. यजमान वारलेले, मूलबाळ नाही, चौथ्या मजल्यावर एकट्या. किराणा आला की पुड्या आधी त्यांच्या ओट्यावरच्या काट्यावर चढायच्या. मोबाइलवर शंभर टक्के बॅटरी दिसली तर म्हणायच्या, "शंभर हे कोण म्हणते? तोच मोबाइल न?" मे महिन्यात टीव्हीवर पारा पंचेचाळीसवर गेल्याची बातमी आली की त्यांचा पहिला प्रश्न, "थर्मामीटर कुठं लटकवला होता यायनं?" त्यांचा स्वतःचा थर्मामीटर गच्चीवर खांबाला, एका पांढऱ्या डब्याच्या आत, सावलीत लटकत असे. त्यांना बातमी खोटी पाडायची नसे. ती खरी असली तरी स्वतः पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

एकदा लिफ्टमध्ये मी त्यांना सांगितलं, "मॅडम, बुधवारी नळ येणार नाही."

"कोणी सांगितलं?"

"वर्तमानपत्रात आहे."

बुधवारी सकाळी दूध घ्यायला उतरलो तर त्या खाली पाइपाला कान लावून उभ्या. मला पाहून म्हणाल्या, "बरोबर होतं हो तुमचं." जणू प्रमाणपत्रच दिलं.

हा संशय घरातूनच आलेला असावा. त्यांचे वडील उमरेडला हातमागावर विणत. शेठ सूत वजनावर द्यायचा आणि कापड वजनावर परत घ्यायचा. सूत सुकं होतं की ओलं, काटा कोणाचा, यावर महिन्याचं धान्य ठरायचं. "आमचे बाबा सूत आणलं का पहिले गालाले लावून पाहत. ओलं असलं का तिथूनच परत. शेठ म्हणे, निमजे, तुझा इमान नाही का माझ्यावर? बाबा म्हणत, तुमच्यावर आहे, सुतावर नाही." हे सांगताना त्या नेहमी आपला तळवा गालाला लावून दाखवत.

काटोलला त्यांचे मोठे भाऊ राहत. तिकडून हंगामात संत्र्यांच्या पिशव्या येत आणि मॅडम त्या घरोघर वाटत. पण आधी दारात उभं राहून पिशवीतलं एक संत्रं सोलायचं, एक फोड स्वतः खायची, डोळे मिटून चघळायची आणि मगच पिशवी द्यायची. माझ्या बायकोला म्हणायच्या, "घे वं सुनीता. गोड आहे. दादा म्हणे गोड आहे, पण त्याच्या जिभेचा भरोसा नाही, त्याले सगळंच गोड लागते."

त्यांच्यावर आमचा संशय बसायला मात्र दुसरं कारण होतं. रोज संध्याकाळी सातला त्यांचं दार लागायचं आणि आतून मोठ्यानं बोलणं ऐकू यायचं. दुसऱ्या बाजूचा आवाज कधीच नाही. सुनीता म्हणायची, "कोणाशी बोलत असतील हो त्या?" तिसऱ्या मजल्यावरच्यांनी तर काय काय तर्क केले होते, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. मलाही वाटायचं की काहीतरी आहे.

सभेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वर बोलावलं.

"तुम्हालेच काहून बोलावलं माहीत आहे? तुम्ही माझे कोणी नाही. अन् तुम्हाले आकडा समजते."

खोलीत भिंतीवर हौशी रेडिओचा, म्हणजे घरून लहरींवर बोलण्याचा, सरकारी परवाना फ्रेम करून लावलेला. टेबलावर लॅपटॉप आणि त्याला जोडलेली साबणाच्या डबीएवढी एक धातूची डबी. रेडिओ म्हणजे एवढंच. जुन्या रेडिओत जे काम वेगवेगळे भाग करायचे, ते इथे लॅपटॉपमधला प्रोग्राम आकडेमोड करून करतो. आवाजाचे आकडे होतात, ते आकडे लहरीवर चढतात आणि डबी त्यांची खरी लहर करून वरच्या खांबाकडे पाठवते.

पडद्यावर एक चौकट होती. तिच्यात एक आकडा लिहायचा, शून्य ते एकच्या मधला. तोच लहरीची उंची ठरवतो. त्याला अँप्लिट्यूड म्हणतात.

"मग एक लिहायचा न," मी म्हणालो. "जास्तीत जास्त लांब जाईल."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला माझी शाळा आठवली.

"तुमच्या घरी दूध तापवता न? पातेलं काठापर्यंत भरून ठेवता का गॅसवर?"

"नाही."

"काहून?"

"उतू जाईल."

"बस. हेच आहे. आवाज एकसारखा नसते, मधूनच उसळते. एक म्हणजे पातेल्याचा काठ. लहर काठाच्या वर गेली का डबी तिचं डोकं कापते. अन् कापलेलं कुठं जाते? बाजूले सांडते. उतू गेलेल्या दुधानं आपलीच शेगडी विझते असं नाही, बाजूचीही विझते." मग बोट वर करून म्हणाल्या, "गाडीची चावी, गेटचा रिमोट, हे सगळे माझ्या बाजूच्या शेगडीवर आहेत. म्हणून शक घेणं बरोबर आहे. पण मी काठापर्यंत भरतच नाही."

तपासणी अशी ठरली. त्यांनी दुसरी एक छोटी डबी माझ्या लॅपटॉपला लावून दिली. ती फक्त ऐकणारी. मी पहिल्या मजल्यावर आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसायचं, त्या वरून पाठवणार आणि मी पडद्यावर काय दिसतं ते फोनवर सांगायचं. पडद्यावर लहर म्हणजे एक उभी रेघ. रेघ बारीक आणि दोन्ही बाजूंना काळं, तर सगळं ठीक. बाजूला गवतासारखं काही उगवलं, तर सांडलं.

मी रजा घेतली होती. दुपारी वरून फोन आला. "आधी नुसता आवाज. रोजच्याच आकड्यावर, पॉइंट सहा. काय दिसते?"

"एक रेघ. बाजूला काही नाही."

"नीट पाहा."

"नीट पाहिलं."

"आता आवाज बंद, नुसती अक्षरं. हाही पॉइंट सहाच. काय दिसते?"

"एक रेघ. स्वच्छ."

"झालं तर मग. मी नाही." त्यांच्या आवाजात मोठं समाधान होतं. "सांगजा तुमच्या गुल्हाने साहेबाले. शोधा म्हणा दुसरा कोणी."

मीही खूश झालो. डबी काढून ठेवायची होती, पण कारखान्यातून एक फोन आला आणि राहून गेलं. संध्याकाळी टेबलावर ताटं मांडताना सुनीता म्हणाली, "अहो, तुमच्या लॅपटॉपवर काहीतरी उगवलं."

सात वाजून गेले होते. पडद्यावर दोन रेघा शेजारी शेजारी होत्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना, पार कडेपर्यंत, गवत.

फोन केला, उचलला नाही. मी वर गेलो. बंद दारामागून त्यांचा आवाज येत होता, अगदी सावकाश, एकेक शब्द तोडून: "दादा. ऐकू. येते. का? दादा. आज. जेवला. का?"

बेल वाजवली. कानावरचे हेडफोन गळ्यात घेऊन त्यांनी दार उघडलं.

"मॅडम, गवत आलं."

"कोणी सांगितलं?"

"मी पाहिलं."

आजवर त्यांनी हे उत्तर कोणाकडून ऐकलं नसावं. सेट तसाच चालू ठेवून त्या माझ्यामागून जिना उतरल्या आणि आमच्या जेवणाच्या टेबलाशी ताटांसमोर उभ्या राहून पडदा पाहू लागल्या. सुनीतानं खुर्ची सरकवली तरी बसल्या नाहीत.

"दुपारी तर स्वच्छ होतं," मी म्हणालो. "दोन्ही."

"दोन्ही," त्या म्हणाल्या. "वेगवेगळे."

मग त्या हलक्या आवाजात बोलल्या, "पॉइंट सहा अन् पॉइंट सहा किती होतात, भाऊ?"

"एक पॉइंट दोन."

"अन् काठ?"

"एक."

"दोन पातेल्यांचं दूध मी एका पातेल्यात ओतलं," त्या म्हणाल्या, "अन् कोणी विचारलं तर म्हणत राहिले, माझी दोन्ही पातेली अर्धीच होती."

मग खुर्चीवर बसून त्यांनी सुनीताला सगळं सांगितलं. मला नाही, सुनीताला. काटोलचे दादा म्हणजे ज्यांनी शाळेत असताना त्यांच्या हातात पहिल्यांदा कैया, म्हणजे तारा जोडायची तापती सळई, दिला, डाग लावायला शिकवलं, तेच. त्यांनाही परवाना होता. तीसेक वर्षं दोघं रोज संध्याकाळी सातला रेडिओवर बोलत. फोन होते, पण फोनचा भरोसा नाही म्हणत. दिवाळीच्या आधीपासून दादांचे कान गेले. आवाज येतो म्हणत, शब्द समजत नाहीत. मग मॅडमनी आवाजाच्या जोडीला अक्षरं पाठवायला सुरुवात केली. इथे बोलायचं आणि तेच टाइपही करायचं, म्हणजे दादांना पडद्यावर वाचता येईल आणि कानावरही काहीतरी पडत राहील. तरीही दादा लिहून विचारत, "तू आज बोलली नाही का?" म्हणून आकडा वाढवला. आधी पॉइंट तीन होता. दोन्ही मिळून पॉइंट सहा, काठाच्या कितीतरी खाली. तो पॉइंट चार केला, मग पॉइंट सहा. आवाज तपासला, स्वच्छ. अक्षरं तपासली, स्वच्छ.

"बेरीज नाही पाहिली वं सुनीता," त्या म्हणाल्या. "त्याले ऐकू यावं एवढंच पाहिलं."

सुनीतानं त्यांना जेवून जायला सांगितलं. त्या जेवल्या नाहीत. वर जाऊन सेट बंद केल्याचं मला खाली पडद्यावर दिसलं. दोन्ही रेघा आणि गवत एकाच वेळी गेलं.

पुढच्या रविवारी सभा पार्किंगमध्ये झाली. मला वाटलं होतं की त्या वाद घालतील, गेटच्या रिमोटवर ढकलतील. त्यांनी उभं राहून सरळ सांगितलं, "शक बरोबर होता. माझ्याचमुळं होत होतं. आता दुरुस्त केलं."

गुल्हाने साहेबांची तयारी भांडणाची होती. ती वाया गेल्यानं ते जास्तच चिडले. "आज दुरुस्त केलं म्हणता मॅडम, उद्या? आम्ही कोणाच्या भरोशावर राहायचं?"

"माझ्या भरोशावर अजिबात राहू नका," मॅडम म्हणाल्या. "चाव्या घेऊन या. मी वरून सेट चालू करते, तुम्ही इथं दाबा. एक जरी गाडी उघडली नाही तर मधुकरले मीच बोलावते."

मधुकर तिथेच होता. आजचं काम पक्कं समजून त्यानं मशीन आणि लांब वायर आणली होती.

सगळे आपापल्या गाडीपासून पंधरा-वीस पावलांवर उभे राहिले. वरून फोन आला, "सेट चालू आहे. दाबा." मी हात खाली केला. एकदम पाच गाड्या चिवचिवल्या, दिवे लागले, गेट घरघरत सरकलं. लहान मुलं ओरडली. मग सगळ्यांनी बंद केल्या, पुन्हा उघडल्या. कोणीतरी म्हणालं, "मस्त आहे यार, दिवाळीच वाटून राहिली."

फक्त गुल्हाने साहेबांची गाडी गप्प होती.

"पाहा!" ते ओरडले. "पाहा, माझी नाही उघडत! सांगा मॅडमले!"

मी फोनवर सांगितलं. वरून शांत आवाज आला, "सेट केव्हाच बंद केला मी. आता दाबाले सांगा."

त्यांनी दाबलं. दोनदा, पाचदा. गाडी गप्प.

मधुकर पुढे आला, त्यांच्या हातातून चावी घेतली, नखानं मागचं झाकण उघडलं आणि म्हणाला, "साहेब, सेल खतम आहे हो याचा."

त्यानंतर सभा अशी राहिलीच नाही. खांब कापायचा ठराव रद्द, हे मी त्या गोंधळातच मोठ्यानं सांगून घेतलं. मॅडम खाली आल्या तेव्हा गुल्हाने साहेब म्हणाले, "मॅडम, सेलचं माझं चुकलं. पण बाकीचं तुमचंच होतं."

"होतंच," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही तपासत राहा."

खांब राहिला. पण दुरुस्ती काय केली होती, ते मला नंतर कळलं. दोन्ही आकडे कमी करून काटोलपर्यंत अक्षरं तुटक पोचत होती आणि आवाज तर दादांच्या उपयोगाचाच नव्हता. पातेलं एक, काठ एक. म्हणून त्यांनी सगळी जागा अक्षरांना दिली आणि आवाज बंद केला. माइक त्यांनी कपाटावर ठेवून दिला. मी विचारलं तर म्हणाल्या, "आवाज त्याच्यासाठी नव्हता, माझ्यासाठी होता. अक्षरं त्याच्यासाठी."

संध्याकाळी सातला आता वरून काही ऐकू येत नसे. सुनीता पोळ्या करता करता मध्येच थांबायची. ज्या बोलण्यावर आम्ही इतकी वर्षं संशय घेतला, ते बंद झाल्यावर घर एकदम रिकामं वाटायला लागलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर काटोलच्या वहिनी, दादांच्या पत्नी, वारल्या आणि दादांना एकटं ठेवणं शक्य राहिलं नाही. काटोलला राहायला जायचं ठरवून मॅडमनी फ्लॅट भाड्यानं दिला. भाडेकरूच्या आधीच्या घरमालकाला फोन करून, आणि तो खरंच घरमालक आहे का हे दुसरीकडून विचारून, मगच दिला. आणि खांब उतरवायला मधुकरलाच बोलावलं.

"कापाचा नाही गा मधुकर," त्या म्हणाल्या. "खोलाचा. एकेक नट माझ्या हातात दे."

"मॅडम, आता दादाच्या बाजूलेच बसणार न तुम्ही. मग खांब कशाले नेता?"

"त्याच्या हाताले तीस वर्षांची सवय आहे. सात वाजले का बोटं शोधतात. अन् नागपुरात आमचे दोघं-तिघं जुने परवानेवाले आहेत, ते बोलतील त्याच्याशी."

निघायच्या दिवशी खांब टेम्पोत आडवा बांधलेला, मधुकर मागे बसलेला, आणि मॅडम पुढे ड्रायव्हरशेजारी, मांडीवर नटांचा डबा. त्यांनी मला खिडकीशी बोलावलं. ऐकणारी छोटी डबी त्यांनी माझ्याकडेच ठेवली होती आणि तिच्यासाठी गच्चीवर एक लहानसा अँटेना लावून वायर आमच्या खिडकीतून आत सोडली होती. आता त्यांनी एक पाकीट दिलं.

"मधुकरचे निम्मे दिले. उरलेले सोळाशे यात आहेत. तो तिकडं खांब उभा करून संध्याकाळपर्यंत परत येईल. म्हणेल, सरळ उभा केला. लगेच देऊ नका. मी सात वाजता पाठवीन. तुमच्या पडद्यावर रेघ आली तर खांब सरळ. तेव्हा द्या."

मागून मधुकर म्हणाला, "मॅडम, एवढा बी भरोसा नाही का माझ्यावर?"

"तुझ्यावर आहे गा," त्या म्हणाल्या. "खांबावर नाही." आणि त्यांचा तळवा नकळत गालाकडे गेला. टेम्पो सुरू झाला, मेडिकल कॉलेजच्या रस्त्याला वळला. मला शेवटचा दिसला तो खिडकीच्या काठावर टेकलेला त्यांचा कोपर.

मधुकर संध्याकाळी सातच्या आधीच आमच्या दारात हजर झाला. सुनीतानं चहा दिला. तो कप हातात घेऊन माझ्या पाठीमागे उभा राहिला. पडदा काळा होता. सात वाजले, पडदा काळाच.

"सरळच उभा केला हो साहेब," तो म्हणाला. "ओळंबा लावून पाहिला."

मग पडद्याच्या मधोमध एक रेघ आली. केसासारखी बारीक, एकटी, दोन्ही बाजूंना काळं. जराशी थरथरली आणि स्थिर झाली.

फोन वाजला.

"भाऊ, रेघ आहे का?"

"आहे मॅडम."

"बाजूले?"

"काही नाही. स्वच्छ आहे."

"कोणी सांगितलं?"

"मी पाहतोय."

"अजून एकदा पाहा."

मी अजून एकदा पाहिलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. मधुकरही वाकला. मागे त्यांच्या बाजूनं म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, कोणाशी तरी बोलल्यासारखा, आणि मॅडम फोन बाजूला धरून मोठ्यानं, एकेक शब्द तोडून म्हणाल्या, "पोचलं. दादा. नागपूरले. पोचलं."

मग मला म्हणाल्या, "देऊन टाका त्याचे."

मी पाकीट उघडलं, मधुकरसमोर नोटा मोजल्या आणि सोळाशे रुपये त्याच्या हातात दिले. त्यानं ते पुन्हा एकदा मोजले.